मुलाचे माप : व्यवसायोपचारातील कसोट्यांचा इतिहास



वसंत व्याख्यानमालेत इतिहासाचा विषय म्हटला की गड, लढाया, तह आणि बखरी यांची अपेक्षा असते. आज मी जो इतिहास आपल्यापुढे मांडणार आहे त्यात गड नाही आणि लढाईही नाही. त्यात आहेत लाकडी ठोकळे, एक घंटा, ओवावयाचे मणी, सांध्याचा कोन मोजण्याची पट्टी आणि प्रश्नांच्या काही याद्या. ज्या मुलांचे चालणे, बोलणे, धरणे किंवा शिकणे कोठेतरी अडले आहे, त्यांची पारख या साधनांनी केली जाते. आणि त्या पारखेवर त्या मुलाचे पुढचे आयुष्य पुष्कळ अंशी ठरते. ही पारख करणाऱ्या तज्ज्ञांमध्ये व्यवसायोपचार करणारांचा, म्हणजे ज्यांना आपण ऑक्युपेशनल थेरपिस्ट म्हणतो त्यांचा, वाटा मोठा आहे. त्यांच्या हातातील मापे कोठून आली, ती कोणी घडविली आणि आपल्या मुलांच्या अंगाला ती कितपत बसतात, एवढाच आजचा प्रश्न.

मापाविषयी बोलावयाचे तर कुर्डुवाडीइतके योग्य गाव क्वचितच सापडेल. हे स्टेशन एके काळी बार्शी रोड या नावाने ओळखले जाई. मुंबईहून मद्रासकडे जाणारा साडेपाच फुटी रूळ येथून गेलेला. आणि १८९७ साली एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज इंजिनियराच्या योजनेतून येथूनच बार्शी लाइट रेल्वेचा अडीच फुटी रूळ निघाला. पुढे तो पंढरपूर, लातूर, मिरजेपर्यंत पोचला. एका आसावर पाच टनांहून अधिक भार नको, असे गणित कॅलथ्रॉपने बांधले होते. हलका रूळ, लहान डबा आणि मुलखाला परवडेल असा खर्च, हा त्यातला विचार. वारकऱ्यांच्या कित्येक पिढ्या त्या गाडीने पंढरीस गेल्या. १९५४ साली ही रेल्वे सरकारने घेतली आणि एकविसाव्या शतकाच्या आरंभी टप्प्याटप्प्याने तिचा रूळ रुंद झाला. परंतु दोन मापे जोवर शेजारी नांदत होती तोवर या स्टेशनात माल एका डब्यातून उतरवून दुसऱ्यात भरावा लागे, कारण एका मापाचा डबा दुसऱ्या मापाच्या रुळावर चालत नाही. डबा उत्तम असला तरी चालत नाही. मुलांच्या कसोट्यांचा इतिहास म्हणजे पुष्कळसा याच अडचणीचा इतिहास आहे.

प्रथम एका शब्दाचा खुलासा करतो. ‘व्यवसायोपचार’ म्हटले की लोकांस वाटते, धंदा शिकविण्याचा हा काहीतरी प्रकार असावा. येथे व्यवसाय म्हणजे धंदा नव्हे. माणसाचा दिवस ज्या कामांनी भरलेला असतो ती सर्व कामे म्हणजे त्याचा व्यवसाय. या अर्थाने चार वर्षांच्या मुलाचा व्यवसाय म्हणजे खेळणे, भाकरीचा तुकडा मोडून तोंडात घालणे, सदऱ्यात हात घालणे, पाटीवर रेघ ओढणे आणि भावंडांशी भांडणे. यातले काही अडले तर ते का अडले हे शोधावयाचे, आणि प्रत्यक्ष कामातूनच ते पुन्हा जमवून आणावयाचे, ही या विद्येची रीत. अमेरिकेत १९१७ साली न्यूयॉर्क राज्यातील क्लिफ्टन स्प्रिंग्ज येथे या विद्येची पहिली राष्ट्रीय संस्था निघाली. परंतु मुलांना मोजण्याची कल्पना त्याहून जुनी आहे, आणि ती निघाली फ्रान्समध्ये.

एकोणिसाव्या शतकात एदुआर सेगाँ नावाच्या फ्रेंच वैद्याने, ज्या मुलांना त्या काळी ‘जड’ म्हणून कोपऱ्यात बसवीत, त्यांना हातांच्या आणि इंद्रियांच्या शिक्षणातून वर आणण्याचा उद्योग आरंभिला. १८५० च्या सुमारास तो अमेरिकेस गेला. लाकडी फळीत निरनिराळ्या आकारांचे खळगे, आणि त्यांत बसणारे तसेच ठोकळे, हे त्याच्या नावाने प्रसिद्ध असलेले साधन. गोल खळग्यात गोल, चांदणीत चांदणी. मुलाने सर्व ठोकळे बसवावयाचे आणि लागलेला वेळ मोजावयाचा. आजही आपल्याकडील बालमार्गदर्शन केंद्रांत सेगाँची फळी सापडते. येथे ध्यानात घेण्याजोगी गोष्ट ही, की तिचे मूळ शिकविण्यात आहे. मोजण्याचे साधन ती पुढे झाली. माँटेसोरीबाईंनी आपल्या शिक्षणपद्धतीत सेगाँचे ऋण उघडपणे मान्य केले, आणि ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांच्या कार्यातून त्या विचाराची एक शाखा बोर्डी-कोसबाडच्या रानापर्यंत पोचली.

दुसरे नाव आल्फ्रेड बिने यांचे. फ्रान्समध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचे झाल्यावर सर्व थरांतील मुले शाळेत आली, आणि काही मुले मागे का राहतात हा प्रश्न उभा राहिला. त्यासाठी १९०४ साली एक समिती नेमण्यात आली. त्या कामातून १९०५ साली बिने आणि त्यांचे सहकारी सिमाँ यांनी तीस प्रश्नांची कसोटी तयार केली. पेटत्या काडीमागे मुलाची नजर फिरते का, येथपासून तिचा आरंभ होई आणि पायरी पायरीने ती अवघड होत जाई. हेतू स्वच्छ होता: ज्याला अधिक मदत हवी ते मूल शोधून काढावे आणि त्याला ती द्यावी. बुद्धी ही जन्मतः ठरलेली, न वाढणारी वस्तू आहे असे म्हणणाऱ्यांवर बिने यांनी कडक टीका केली. मनालाही व्यायाम देता येतो असे ते मानीत आणि तसे वर्ग त्यांनी सुचविले. १९११ साली ते वारले.

त्यानंतर जे घडले ते या इतिहासातील दुःखाचे पान आहे. अमेरिकेत न्यूजर्सी राज्यातील व्हाइनलँड येथे मंदबुद्धी मुलांची एक शाळा होती. तेथील हेन्री गॉडार्ड यांनी बिने यांची कसोटी उचलली आणि १९१३ च्या सुमारास न्यूयॉर्कच्या बंदरात उतरणाऱ्या परदेशी स्थलांतरितांवर ती चालविली. आगबोटीच्या प्रवासाने थकलेली, इंग्रजीचा गंध नसलेली, कित्येकांनी आयुष्यात पेन्सिल न धरलेली अशी ही माणसे. त्यांपैकी पुष्कळांवर मंदबुद्धीचा शिक्का बसला. मदतीसाठी घडविलेले माप दरवाजा बंद करण्यासाठी वापरले गेले. कसोटी तीच, वापरणाराचा हेतू आणि मोजल्या जाणाराची भूमी बदलली, एवढ्याने अनर्थ झाला.

आता आपल्याकडे येऊ. बिने यांची कसोटी मराठी आणि कानडी मुलांच्या अंगाला बसविण्याचे मोठे काम डॉ. व्ही. व्ही. कामत यांनी तत्कालीन मुंबई इलाख्याच्या कर्नाटक भागात केले. भारतीय मुलांच्या बुद्धिमापनावरील त्यांचा इंग्रजी ग्रंथ १९४० साली ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसने काढला, आणि ‘बॉम्बे-कर्नाटक आवृत्ती’ या नावाने ती कसोटी पुढे अनेक दशके आपल्या दवाखान्यांतून वापरात राहिली. हे काम केवळ भाषांतराचे नव्हते. परकी कसोटी आपल्या भाषेत आणावयाची तर शब्द बदलून भागत नाही. नाणी आपली हवीत, चित्रातले घर आपले हवे; आणि मुख्य म्हणजे कोणता प्रश्न कोणत्या वयाच्या मुलाला जमतो हे आपल्याच मुलांना विचारून पुन्हा ठरवावे लागते. या खटपटीस प्रमाणीकरण म्हणतात. पूर्वी गावोगावची पायली निराळी असे. १९५६ च्या कायद्याने वजनमापे देशभर एक झाली. धान्याच्या बाबतीत हे ठीक झाले. परंतु मुलाच्या बाबतीत सगळ्या जगाची एकच पायली करणे तितके सोपे नाही, हे कामतांच्या कामातून प्रथम आपल्या ध्यानी आले.

बुद्धीचे माप हे मानसशास्त्राचे क्षेत्र. व्यवसायोपचार आपल्या देशात आला तो स्वातंत्र्यानंतर, आणि तो आणणाऱ्या बाईंचे नाव या महाराष्ट्राने विसरता कामा नये. कमला निंबकर या जन्माने अमेरिकन. मूळ नाव एलिझाबेथ लंडी. विष्णु निंबकर यांच्याशी त्यांचा विवाह झाला; १९३० साली त्या हिंदुस्थानात आल्या आणि येथल्याच झाल्या. वयाची चाळिशी उलटल्यावर त्यांनी फिलाडेल्फियास जाऊन व्यवसायोपचाराचे शिक्षण घेतले, आणि १९५० साली मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात त्या विद्येची शाळा काढली. आशिया खंडातील अशी पहिली शाळा म्हणून तिची गणना होते. १९५२ साली अखिल भारतीय संघटना उभी राहिली, आणि त्याच वर्षी निघालेल्या जागतिक महासंघाच्या दहा संस्थापक देशांत भारताचे नाव लागले. फलटण येथे त्यांच्या नावाने चाललेले बालभवन आपल्यापैकी पुष्कळांस ठाऊक असेल.

त्या काळी या तज्ज्ञांपुढे जी मुले येत त्यांत बालपक्षाघाताची, म्हणजे पोलिओची, मुले पुष्कळ असत. आपल्या मुलीला पोलिओ झाल्यावर तिच्यासाठी उपचार शोधता शोधता फातमा इस्माईल यांनी १९४७ साली मुंबईत इतरांच्या मुलांसाठी केंद्र उघडले. त्यातूनच पंगू मुलांच्या पुनर्वसनाचे काम वाढले. या मुलांसाठी लागणारे माप स्नायूंचे होते. बोस्टनचे डॉक्टर रॉबर्ट लव्हेट यांनी १९१४ च्या सुमारास अमेरिकेतील साथीत स्नायूंची ताकद हाताने पारखून तिला श्रेणी देण्याची पद्धत रूढ केली; ब्रिटिश वैद्यकीय संशोधन मंडळाने १९४३ साली तिला शून्य ते पाच असे सुटसुटीत रूप दिले. स्नायूत काहीच हालचाल नाही तर शून्य. नुसते थरथरणे जाणवले तर एक. हातापायाचा भार काढून घेतल्यावर हालतो तर दोन. स्वतःचा भार पेलून उचलतो तर तीन. थोडा विरोध केला तरी उचलतो तर चार, आणि पुरी ताकद असली तर पाच. सोबत सांध्याचा कोन मोजण्याची पट्टी. यंत्र नाही, वीज नाही; शिकलेला हात आणि प्रामाणिक नोंद एवढ्यावर हे काम चाले, आणि आजही चालते. पोलिओ मात्र गेला. भारतातील शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये आढळला आणि २०१४ साली देश पोलिओमुक्त जाहीर झाला.

परंतु स्नायूचा आकडा म्हणजे मूल नव्हे. दंडाची श्रेणी तीन असलेले एक मूल हाताने जेवते, आणि श्रेणी चार असलेले दुसरे मूल आई भरवील म्हणून तोंड उघडून बसते, असे घडते. तेव्हा ‘स्नायू किती चालतो’ यापुढे जाऊन ‘मूल दिवसभरात काय काय करते’ हे मोजण्याची गरज भासू लागली. १९४५ साली अमेरिकेत डीव्हर आणि मेरी एलेनॉर ब्राउन यांनी दैनंदिन कामांची यादी करून तिच्या आधारे रुग्णाची पारख करण्याची पद्धत मांडली. जेवणे, कपडे घालणे, अंघोळ, शौच, हिंडणे-फिरणे: प्रत्येक कामापुढे खूण करावयाची, एकटा करतो, मदतीने करतो, की मुळीच करीत नाही.

येथे कुर्डुवाडीच्या स्टेशनातली ती जुनी अडचण पुन्हा उभी राहते. परदेशी याद्यांत काय लिहिलेले असते? सुरीने पावाला लोणी लावतो का, काट्याने खातो का, बुटाची नाडी बांधतो का, टबात उतरतो का. माढा तालुक्यातील वस्तीवरचे धडधाकट मूल यातले निम्मे करीत नाही, कारण त्याच्या घरी टब नाही आणि सुरी कांद्यापुरती. उलट आपल्या मुलाला ज्या गोष्टींवाचून गत्यंतर नाही त्या तेथे आढळत नाहीत. जमिनीवर मांडी घालून पंगतीत बसणे, उकिडवे बसून शौच उरकणे, एका हाताने भाकरी मोडून कालवणात बुडविणे, नाडीची चड्डी सोडणे आणि बांधणे, उंबरठा ओलांडणे. गुडघा आणि खुबा किती वाकतो याची गरज खुर्चीत बसणाऱ्या देशात निराळी आणि मांडी घालणाऱ्या देशात निराळी. खुर्चीवर बसवून ‘हा स्वावलंबी’ असा दाखला मिळालेले मूल घरी येऊन शौचाला बसू शकत नाही, तेव्हा त्या दाखल्याचे काय करावे? आणि जे मूल मांडी घालून जेवते पण काटा धरीत नाही, त्याला कमी गुण देणारी यादी खरे बोलते असे कोणी म्हणावे?

या अडचणीवर आपल्या लोकांनी जे काम केले त्यात दोन ठिकाणे ध्यानात ठेवण्यासारखी आहेत. पहिले नागपूर. ज्या व्हाइनलँडच्या शाळेत गॉडार्ड यांच्या हातून तो अन्याय घडला, त्याच शाळेत एडगर डॉल यांनी १९३५ साली एक अगदी निराळे माप तयार केले. मुलाला कोडी घालण्याऐवजी त्याच्या आईला किंवा सांभाळणाराला विचारावयाचे, की हे मूल रोजच्या जगण्यात काय करते. त्यात एकशेसतरा बाबी होत्या. ए. जे. मालिन यांनी नागपुरास बालमार्गदर्शनाचे काम करताना याचे भारतीय रूप केले. त्यात एकोणनव्वद बाबी आहेत. खाणे, कपडे, स्वतःची काळजी, हालचाल, बोलणे, लोकांत मिसळणे अशा आठ अंगांनी मुलाकडे पाहिले जाते. या मापाचे मला विशेष कौतुक वाटते ते अशासाठी, की त्यात अडाणी म्हणून बाजूला सारलेल्या आईची साक्ष शास्त्राने ग्राह्य धरली. २०१८ च्या सरकारी मार्गदर्शक नियमांनी बौद्धिक अपंगत्वाची टक्केवारी ठरविताना याच मापाचा आधार घेतला.

दुसरे ठिकाण बडोदे. मराठी माणसाच्या मनात बडोद्याला वेगळे स्थान आहेच. तेथील महाराजा सयाजीराव विद्यापीठात डॉ. प्रमिला फाटक यांनी तान्ह्या मुलांच्या वाढीचा अभ्यास वर्षानुवर्षे केला. नॅन्सी बेली या अमेरिकन विदुषीच्या मापाचा पाया घेऊन त्यांनी एक महिना ते तीस महिने या वयातील भारतीय बालकांसाठी विकासमापन तयार केले. १९७० साली ते प्रसिद्ध झाले आणि १९९७ साली सुधारून निघाले. त्यात मनाच्या वाढीच्या एकशेत्रेसष्ट आणि शरीराच्या हालचालीच्या सदुसष्ट बाबी आहेत. मूल आईच्या मांडीवर असते. समोर कडी लोंबते, घंटा वाजते, ठोकळे मांडले जातात. नजर वळते का, हात पुढे येतो का, ठोकळा एका हातातून दुसऱ्यात जातो का, लपविलेली वस्तू शोधतो का, हे पाहावयाचे. निम्मी मुले एखादी गोष्ट ज्या वयात जमवू लागतात ते वय त्या बाबीपुढे लिहिलेले असते. त्यावरून हे बाळ कोठे आहे ते कळते. वजन कमी भरलेली, दिवस पुरे न होता जन्मलेली मुले आता वाचतात. त्यांच्यावर पहिल्या दोन-अडीच वर्षांत लक्ष ठेवण्यासाठी या मापाचा उपयोग होत आला आहे. बडोद्याच्या या कामातूनच निवडक सतरा बाबी घेऊन त्रिवेंद्रमच्या डॉक्टरांनी १९९१ साली एक छोटा तक्ता केला. तो भरावयास काही मिनिटे पुरतात. शास्त्राचा मोठा ग्रंथ झोपडीपर्यंत नेण्याचा हा मार्ग मला फार मोलाचा वाटतो.

या सुमारास परदेशात व्यवसायोपचार करणाऱ्यांनीच घडविलेली मापे पुढे येऊ लागली. कॅलिफोर्नियातील जीन एअर्स या स्वतः व्यवसायोपचारतज्ज्ञ. हातपाय धड, डोळे-कान धड, बुद्धी बरी. तरीही मूल अक्षर उलटे काढते, सदऱ्याच्या शिवणीने बेचैन होते, झोक्याला घाबरते, असे का, हा त्यांचा प्रश्न. स्पर्श, तोल आणि अंगाची जाणीव यांची मेंदूत नीट सांगड बसत नसावी असा सिद्धांत त्यांनी मांडला आणि १९७२ साली त्यासाठी कसोट्या प्रसिद्ध केल्या. त्या सिद्धांताबद्दल विद्वानांत अद्याप वाद आहेत. परंतु ‘हट्टी’ आणि ‘आळशी’ म्हणून मार खाणाऱ्या मुलाकडे निराळ्या नजरेने पाहण्यास त्यांनी शिक्षकांना शिकविले, हे श्रेय त्यांना द्यावेच लागेल. त्याच १९७२ साली मुंबईत मिठू अलूर यांनी मेंदूच्या पक्षाघाताने अडलेल्या मुलांसाठी स्पॅस्टिक्स सोसायटी काढली, आणि ही मुले शिकू शकतात हे आपल्या समाजाला डोळ्यांनी पाहता आले.

मेंदूच्या पक्षाघाताच्या मुलांसाठी अलीकडची दोन मापे सांगतो. हालचालीचे वर्गीकरण कॅनडात १९९७ साली झाले. हातांच्या वापराचे स्वीडनमध्ये २००६ साली. दोहोंत पाच पायऱ्या आहेत. दुसऱ्यात, मूल घरी-शाळेत नेहमीच्या वस्तू दोन्ही हातांनी कशी हाताळते हे आईवडिलांस विचारून पायरी ठरविली जाते. दवाखान्यात एकदा जमले की नाही याला महत्त्व नाही. रोज काय घडते याला आहे. कॅनडातच १९९० च्या सुमारास व्यवसायोपचारतज्ज्ञांनी आणखी एक पाऊल टाकले. त्यांचे माप मुलाला किंवा पालकाला आधी विचारते, ‘तुला काय करावयाचे आहे?’ मूल म्हणाले, मला सायकल चालवावयाची आहे, तर तेच काम घ्यावयाचे. ते आज किती जमते आणि त्यात किती समाधान आहे यांना एक ते दहा असे आकडे द्यावयाचे, आणि काही महिन्यांनी पुन्हा विचारावयाचे. आता शंभर वर्षांचा प्रवास एका दृष्टीत घ्या. आरंभी प्रश्न होता, या मुलात किती उणे आहे? शेवटी प्रश्न झाला, या मुलाला काय हवे आहे आणि त्याच्या वाटेत काय आड येते? २००१ साली जागतिक आरोग्य संघटनेने अपंगत्वाची जी नवी मांडणी केली तिच्यातही हेच सूत्र आहे: अडचण मुलाच्या अंगात असते, तशी ती पायऱ्यांत, वर्गात आणि लोकांच्या वृत्तीतही असते.

कोणी म्हणेल, एवढे धोके आहेत तर मोजता कशाला? आपले मूल आपल्याला कळते. मला हा युक्तिवाद पटत नाही. न मोजण्याने अन्याय टळत नाही. तो फक्त दिसेनासा होतो. दहा महिन्यांचे मूल मान धरीत नाही, आणि घरातील वडीलधारी म्हणतात, ‘याचा बापही उशिरा चालला, थांबा’. त्या थांबण्यात मेंदूच्या वाढीचे सर्वांत मोलाचे महिने निघून जातात. माप असते तर ते आधीच दिसले असते. शिवाय २०१६ च्या कायद्याने एकवीस प्रकारची अपंगत्वे मान्य केली आणि बहुतेक सवलतींसाठी चाळीस टक्क्यांची मर्यादा घातली. स्वमग्न मुलांसाठी चाळीस बाबींचे भारतीय माप आहे. त्यातील गुणांवरून दाखला मिळतो. एका आकड्याच्या अलीकडे शिष्यवृत्ती आणि पलीकडे काही नाही, अशी स्थिती असताना तो आकडा नीट निघावा यासाठी माप अचूक असणे ही दयेची नव्हे, न्यायाची बाब आहे.

मात्र अचूकपणा एकट्या मापाने येत नाही. समजा, ऊसतोडीसाठी आईबापांबरोबर फडातून फडात हिंडलेले सहा वर्षांचे मूल पारखण्यासाठी आले. त्याने पेन्सिल धरलेली नाही, चित्रांचे पुस्तक पाहिलेले नाही. त्याला रेघ ओढता आली नाही तर ते शक्तीचे उणे की संधीचे? तेच मूल बैलांना पाणी दाखविते, धाकट्या बहिणीला कडेवर घेते, मोळी बांधताना दोरीची गाठ मारते. चांगला तज्ज्ञ हे विचारतो आणि मग आकडा लिहितो. वाईट तज्ज्ञ आधी आकडा लिहितो आणि मग काहीच विचारीत नाही. शाळेतला वर्ग, दाखला, घरच्यांची आशा, सारे त्या दोन मिनिटांच्या चौकशीवर अवलंबून असते.

राष्ट्रीय बालस्वास्थ्य कार्यक्रमाचा आरंभ २०१३ साली आपल्याच राज्यात, पालघर येथे झाला. अंगणवाडीतील मुलांची वर्षातून दोनदा आणि शाळेतील मुलांची एकदा तपासणी व्हावी, आणि ज्यांत शंका येईल त्यांना जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवावे, अशी ही योजना आहे. जे मूल तपासणीच्या दिवशी फडावर असेल ते यातून निसटते, म्हणून ती यादी पुरी करणे हे गावाचे काम आहे. येथे शिक्षक बसले आहेत, अंगणवाडी चालविणाऱ्या भगिनी बसल्या आहेत, आजोबा-आजी बसले आहेत. आपल्याकडून मी तीनच गोष्टी मागतो. मूल मागे वाटले तर ‘थांबा’ म्हणू नका, दाखवा. दाखविताना घरी ते काय काय करते हे सविस्तर सांगा, कारण तुमची साक्ष हा मापाचाच भाग आहे. आणि आकडा हाती आला की विचारा, आता याच्यासाठी काय करावयाचे? ज्या आकड्यापुढे हे उत्तर लिहिलेले नाही तो आकडा अपुरा समजा आणि तज्ज्ञाला पुन्हा विचारा. तसे विचारण्याचा आपल्याला हक्क आहे.

मापे घडविणारे कामत, निंबकरबाई, मालिन, फाटकबाई यांनी आयुष्ये वेचली ती मुलांना क्रमांक लावण्यासाठी नव्हे. कोणते मूल कोठे अडले आहे हे कळावे आणि त्याला हात देता यावा, एवढ्यासाठी त्यांनी ठोकळे मांडले आणि नोंदी केल्या. त्यांचे ऋण फेडावयाचे तर त्या नोंदी वाचून पुढचे काम आपण केले पाहिजे.